रागानं कापलेला बर्फ

तिला 'मोजपट्टी' हे नाव सासूनं ठेवलं. सासूच्या हातून आयुष्यात एवढीच एक गोष्ट अचूक झाली असावी. लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्या दिवशी नवी सून खिडकीपुढं स्टुलावर उभी राहून पडद्याला पोलादी पट्टी लावून बघत होती.

"काय करतेस गं?" सासूनं विचारलं.

"डावीकडं बोटभर जास्त लोंबतोय."

"मग?"

"मग काही नाही. जास्त आहे."

सासू गेली ती थेट शेजारणीकडं. दुपारपर्यंत नाव गल्लीभर झालं, आणि नवरीला ते आवडलं हे तर आणखी वाईट. बाप सुतार. पोरी भातुकली खेळतात त्या वयात ही बापाच्या टेपचं टोक धरून उभी असायची. तिनं कापलेल्या पावाचे तुकडे पुस्तकासारखे एकावर एक रचता यायचे. नवऱ्याची जेवणाची थाळी टेबलाच्या काठाला समांतर नसली तर ती न बोलता सरळ करायची, अन् नवरा घास तोंडात धरून ती होईस्तोवर थांबायचा. झोपेतसुद्धा तो बिचारा हात मांडीला चिकटवून सरळ पडायचा. गल्लीतले लोक म्हणत, हा मेल्यावर याला पेटीत घालायला काही त्रास नाही.

नवरा खोक्यांच्या कारखान्यात होता. तिथं एक जुनं हातमशीन मोडीत निघालं, ते तो हातगाडीवर घालून घरी घेऊन आला. मशीन कसलं, दोन रूळ आणि एक दांडा. जाड कागदावर धारेचा साचा ठेवायचा, वर लाकडी पाट, आणि दांडा फिरवून सगळं रुळांतून काढायचं. पलीकडं कागदातून साच्याच्या आकाराचा तुकडा सुटून पडतो. नवऱ्याला वाटलं होतं, बायको खुश होऊन चार दिवस आपल्या थाळीकडं बघणार नाही. साचा होता बर्फाच्या फुलाचा. सहा पाकळ्या, सहाही सारख्या. मोजपट्टीनं ते पहिलं फूल तळहातावर घेतलं आणि नवऱ्याकडं कधी पाहिलं नसेल अशा नजरेनं त्याच्याकडं पाहिलं.

तेव्हापासून दर हिवाळ्याला ती शुभेच्छापत्रं करायला लागली.

आता, आमच्याकडं बर्फ पडतो, नाही असं नाही. पडतो आणि पडल्या पडल्या चिखल होतो. लोक घसरतात, खुबे मोडून घेतात, तीन महिने नगरपालिकेला शिव्या घालतात. आणि तीच माणसं दुकानात जाऊन बर्फाचं चित्र असलेलं कार्ड विकत घेतात, दोन गल्ल्या पलीकडं राहणाऱ्या आतेबहिणीला पोस्टानं पाठवतात. आतलं पान कोरं. एकमेकांना सांगण्यासारखं काही उरलेलं नसतं. म्हणून तर बाहेरची नक्षी इतकी भारी लागते.

कोपऱ्यावर वह्या-पेन्सिलींचं दुकान होतं. त्याला रस्त्याकडनं एक मोठी काच. दुकानदार दर हिवाळ्यात त्या काचेत एकाच हातची कार्डं दोऱ्याला टांगायचा. बाकीच्यांची आत, खोडरबर आणि गमच्या बाटल्यांशेजारच्या फडताळात धूळ खात. मोजपट्टीची कार्डं काचेत असायची. दूध आणायला ती मुद्दाम लांबच्या रस्त्यानं जायची, काचेपुढून चालताना मान वळवायची नाही, फक्त डोळे वळवायची. पोरं परीक्षेत नापास झाली, छप्पर गळलं, नवऱ्याचा रक्तदाब वाढला, तिला फरक पडला नाही. काच गेली असती तर मात्र तिनं अंथरूण धरलं असतं.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि घरात जाऊ आली.

धाकटी म्हणजे मोजपट्टीच्या बरोबर उलट. कोपराला गोंद, केसांत कागदाचे कपटे, एका पायात चप्पल, दुसरी कुठं तरी. हसायला लागली की चहाची कपबशी नाचायची. पण फुलं चिकटवायला ती बसली आणि कार्डं बदलली. मोजपट्टी फूल चिकटवायची ते पोस्टाच्या तिकिटासारखं, चारी बाजूंनी दाबून. धाकटी मधोमध गोंदाचा एक ठिपका द्यायची, पाकळ्या मोकळ्या सोडायची, नखानं जरा वर उचलायची. कार्ड उघडलं की फूल थरथरायचं. दुकानात बायका ते उघडून बघायच्या, मिटायच्या, पुन्हा उघडायच्या आणि घेऊन जायच्या. मोजपट्टीला हे सगळं दिसत होतं. कबूल करणं ही वेगळी गोष्ट.

दोघी एकदा मिळून कार्डं द्यायला गेल्या असताना दुकानात गरम कोटातली एक बाई उभी होती. तिनं कार्ड हातात घेऊन विचारलं, "अगबाई, किती नाजूक! कोण करतं हे?"

"मी," मोजपट्टी म्हणाली.

शेजारी धाकटी उभी. बोटांना गोंद वाळलेला. तिनं कार्डांचं खोकं काउंटरवर ठेवलं, घरी आली, आणि गोंदाच्या बाटलीचं बूच घट्ट लावून टाकलं.

"काय झालं?" मोजपट्टीनं विचारलं.

"कुठं काय? तुम्ही करता ना जाऊबाई? करा."

"तोंडातून निघून गेलं गं. एवढं काय मनाला लावून घ्यायचं?"

"तोंडातून तेच निघतं जे पोटात असतं."

"म्हणजे मी खोटं बोलले?"

"नाही हो. तुमच्या पोटात जे होतं ते अगदी खरं खरं बोललात."

एवढ्यावर गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. पुढचे काही दिवस चमच्या-पातेल्यांवरून सुरुवात व्हायची आणि एकमेकींच्या माहेरापर्यंत जाऊन थांबायची. नवरे दोघे कारखान्यात जादा पाळी मागून घ्यायला लागले. शेवटी सासूच वैतागली. दोघींना मधल्या बोळात, मशीनपुढं उभं केलं.

"वाटणी करा," सासू म्हणाली. "कागदातून सुटून पडेल ते एकीचं. मागं भोकं पडलेला कागद उरेल तो दुसरीचा. थोरली आधी निवडेल."

मोजपट्टीला हसूच फुटलं. आजवर तो भोकांचा कागद चुलीत जात होता. "मी फुलं घेते," ती म्हणाली. "भोकं तिला द्या. आणि मशीनला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. तिच्या हातचा गोंद रुळांना लागला तर मशीन बसेल."

"चालेल," धाकटी म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली की मोजपट्टीला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण माणूस जिंकतो तेव्हा जरा मंद होतो.

रोज सकाळी मोजपट्टी दांडा फिरवी. फुलं स्वतःच्या डब्यात टाकी, चाळणी झालेला कागद बोळातल्या खुर्चीवर ठेवी. धाकटी येऊन घेऊन जाई, जाता जाता गुणगुणत. त्या गुणगुणण्याचाच मोजपट्टीला संशय आला. एक दिवस कपडे वाळत घालायच्या निमित्तानं तिनं धाकटीच्या खिडकीत डोकावलं.

खिडकीच्या कठड्यावर कार्डं उभी होती. समोरच्या पानाला फुलाच्या आकाराची भोकं, त्यांच्यामागं गोळ्या-चॉकलेटांचे जपून ठेवलेले पारदर्शक कागद चिकटवलेले. लाल, हिरवे, शेंदरी. ऊन त्यातून आत येत होतं आणि पलीकडच्या भिंतीवर, सासूच्या स्वेटरवर, पाण्याच्या पिंपावर रंगीत बर्फ पडला होता.

मोजपट्टी ओली चादर तशीच हातात धरून उभी राहिली. चादरीचं पाणी तिच्या पायांवर गळत होतं.

त्याच आठवड्यात दुकानदारानं निरोप धाडला. हा दुकानदार स्वतःला कलेतला जाणकार समजायचा. चष्मा कपाळावर सरकवून बोलायला लागला की पेन्सिल घ्यायला आलेलं गिऱ्हाईक पेन्सिल न घेताच निघून जायचं. निरोप असा, की यंदा दोघी वेगवेगळी कार्डं करताय असं कानावर आलंय. काच एक आहे. शनिवारी दोघी आपापला माल घेऊन या, बघून ठरवू.

आता मोजपट्टीच्या ध्यानात आलं की आपण काय करून बसलो. ती जितकी फुलं कापणार, तितकी भोकं धाकटीला मिळणार. दांडा हिचा, दंड हिचा, घाम हिचा, आणि रंगीत बर्फ तिचा. कापायचं थांबवावं तर स्वतःची कार्डं कशानं करायची? आणि "भोकं मला दे" असं म्हणायचं तर जीभ झडली असती.

मग तिनं असं काही केलं जे तिच्या सुतार बापानं बघितलं असतं तर रंधा फेकून मारला असता. तिनं वाकडं कापायला सुरुवात केली.

भोक कागदाच्या मधोमध पडूच द्यायचं नाही, असं तिनं ठरवलं. साचा कधी काठाबाहेर अर्धा लोंबता ठेवायचा, कधी आधीच्या भोकावर चढवायचा. धाकटीची भिंत, धाकटीचं ऊन, धाकटीचं ते गुणगुणणं डोळ्यांपुढं आणायची आणि दांडा असा ओढायची की रूळ किंचाळायचे.

"जाऊबाई, हे भोक काठाबाहेर गेलं," धाकटी कागद उजेडात धरून म्हणाली.

"मशीन जुनं झालंय."

"मशीन होय? मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"काही नाही. तुमची दृष्टी म्हणाले. वय होतं माणसाचं."

त्या दिवशीचे कागद तर कुत्र्यानं चावल्यासारखे निघाले. मोजपट्टी समाधानानं जेवली. नवऱ्याची थाळी तिरपी होती, तिला दिसलीसुद्धा नाही. नवरा घाबरून उपाशी उठला.

शुक्रवारी दुपारी तिनं आपला डबा उघडला आणि चिकटवायला बसली. पहिलं फूल काढलं. चार पाकळ्या. दुसऱ्याला अडीच. तिसरं म्हणजे नुसता एक काटा आणि टोकाला बुडखा. तिनं सगळा डबा टेबलावर उपडा केला. सगळा दवाखाना. इतके दिवस तिचं लक्ष मागं उरणाऱ्या कागदावर होतं. सुटून पडणारं फूल तिनं नजरेनं न बघता डब्यात टाकलं होतं. भोक अर्धं पडलं की फूलही अर्धंच निघणार, एवढी गोष्ट पट्टी घेऊन जन्मलेल्या बाईच्या डोक्यात आली नाही. राग म्हणतात तो हाच.

कागद संपला होता. दुकानदाराकडूनच नवा आणायचा तर त्याला कारण सांगावं लागणार. तिनं जे होतं तेच चिकटवलं. तुटकं फूल मधोमध कुठं धरायचं कळेना, म्हणून एक वर, एक खाली, एक घडीला टेकून. चिकटवताना ती डोळे मिटून घेत होती, असं तिच्या पोरीनं नंतर सगळ्यांना सांगितलं.

शनिवारी दुकानात चारदोन गिऱ्हाइकंही होती. धाकटीनं आपली कार्डं काढली. अर्ध्या भोकांची तिनं अशी सोय लावली होती की बर्फ पानाच्या काठावरनं खाली ओघळतोय असं वाटावं. दुकानदारानं एक कार्ड दिव्यापुढं धरलं, "वा" म्हणाला, आणि चष्मा कपाळावर सरकवला. हे वाईट लक्षण होतं.

"आणि ताई, तुमचं?"

मोजपट्टीनं खोकं पुढं सारलं. दुकानदारानं कार्ड उघडलं. पुन्हा मिटून उघडलं. चष्मा कपाळावरनं नाकावर आणला.

"ताई, यांना काय झालंय? पाकळ्या कुठं गेल्या?"

गिऱ्हाइकं माना वाकवून बघायला लागली. धाकटी खोक्यात डोकावली आणि तिला सगळं एका क्षणात कळलं. काठाबाहेरची भोकं, जुनं मशीन, सगळं. तिनं जावेकडं बघितलं. मोजपट्टीचे कान लालभडक. काचेत मागल्या सालचे दोरे अजून लोंबत होते आणि तिची नजर त्यांच्यावर होती.

"वितळताहेत," मोजपट्टी म्हणाली.

"काय?"

"बर्फ आहे तो. बर्फ काय जन्मभर सहा पाकळ्या धरून बसतो का? वितळतोय."

ही बाई आयुष्यात पहिल्यांदा मापात न बसणारं काही तरी बोलली होती, आणि तेही धडधडीत खोटं. दुकानदाराचा चष्मा पुन्हा कपाळावर गेला. "वितळता बर्फ!" तो गिऱ्हाइकांकडं वळून म्हणाला. "बघा, ह्याला म्हणतात विचार. नश्वरता आहे यात. सगळे पूर्ण फूल दाखवतात, यांनी ओघळ दाखवला." गिऱ्हाइकांनी माना डोलावल्या. त्यातल्या एका म्हातारीनं डोळे पुसले. तिला नश्वरता कळली की दुकानात धूळ होती, कोण जाणे.

"खरंय हो," धाकटी गोड आवाजात म्हणाली. "जाऊबाईंचं मन फार पोळलं होतं या वेळी. त्यांच्या डोक्याशेजारी बर्फ ठेवला तर वितळणारच."

मोजपट्टीनं दात आवळले. पण धाकटीनं बिंग फोडलं नाही. त्यात दोघींचंही भलं झालं. दुकानदारानं ठरवलं की दोन्ही कार्डं काचेत जोडीनं टांगायची, बर्फ जिथून गेला ते आणि गेला तो. आणि आणखी हवीत, भरपूर हवीत, अशीच.

मोजपट्टी नवा कागद घेऊन मशीनला बसली. आणि पंचाईत झाली. काच टिकली होती, राग ओसरला होता, हात मूळपदावर आला होता. फुलं सरळ निघायला लागली. सहाच्या सहा पाकळ्या, भोकं रांगेत शिपायांसारखी उभी. तिनं पट्टी घेऊन मुद्दाम एकेक पाकळी कापून बघितली, तर सगळी फुलं एकाच जागी, एकाच मापात वितळली. दुकानदारानं ती परत पाठवली. "यांत ओघळ नाही, ताई. ही कापलेली दिसतात."

"डोळे मिटून कर," नवऱ्यानं सुचवलं. तिनं डोळे मिटून केलं. मधोमध, सरळ. नवरा पुन्हा काही सुचवायच्या भानगडीत पडला नाही.

धाकटी कागद न्यायला आली आणि हिरमुसली. तिलाही आता ओघळणारी अर्धी भोकंच हवी होती. "अहो जाऊबाई, हे काय?"

"जमत नाहीये गं. हातच वळत नाही."

धाकटीनं जरा वेळ विचार केला. मग दाराला टेकून म्हणाली, "नाही, मी म्हणते, इतकं सरळ काम तुमच्या वडिलांना का नाही जमलं? लग्नात तुम्हाला दिलेली ती खुर्ची. बसलं की डावीकडं झुकते. पाहुणे आम्हाला विचारतात, बोटीवर आलो का?"

मोजपट्टीची मान वळली. "माझ्या बापाच्या खुर्चीला नाव ठेवतेस? तुझ्या बापानं तर लग्नात नुसता ढेकर दिला!"

"पण सरळ दिला!"

दांडा खाड्कन फिरला. रूळ किंचाळले. पलीकडं फूल पडलं, साडेतीन पाकळ्यांचं. कागदाला काठावरनं भलतंच भगदाड. दोघी वाकून बघायला लागल्या.

"अगबाई," धाकटी म्हणाली. "किती छान वितळलंय."

"दुसरा कागद घेते. बोल."

"काय बोलू?"

"काहीही बोल. माझ्या स्वयंपाकाचं बोल."

तेव्हापासून आमच्या गल्लीत हिवाळा लागला की ह्या दोन जावांचं भांडण लागतं. सकाळी कामं उरकून दोघी बोळात जातात, धाकटी बोलते, मोजपट्टी दांडा ओढते. नवीन भाडेकरू आला की धावत सोडवायला जातो, मग त्याला जुने लोक समजावतात, थांबा, ऑर्डर आहे. अडचण एकच. टोमणा एकदा वापरला की बोथट होतो, दुसऱ्या वेळी पाकळी तुटत नाही. त्यामुळं धाकटी वर्षभर माल गोळा करत असते, नातेवाइकांकडं मुक्कामाला जाऊन येते, मोजपट्टीच्या आत्याकडनं जुन्या भानगडी काढून आणते. आणि मोजपट्टी स्वतःच आठवण करून देते: "ते मी लग्नात रडले नव्हते त्याचं म्हण ना. त्याचा मला अजून राग येतो."

"ते संपलं हो परवाच."

"मग हळू नको बोलू. नीट, मनापासून बोल. अजून अर्धा गठ्ठा राहिलाय."

मागल्या हिवाळ्यात धाकटीचा घसाच बसला. नुसती हवा बाहेर यायची. दुकानदाराचं माणूस खोकं न्यायला संध्याकाळी येणार होतं, आणि मोजपट्टी मशीनपुढं सरळच सरळ फुलं काढत रडकुंडीला आली होती. काच जाते की काय, असं झालं. तेवढ्यात सासू काठी टेकत बोळात आली. स्टूल ओढून बसली. दोघींकडं आळीपाळीनं बघितलं.

"एवढंच ना?" ती म्हणाली.

मग तिनं एकच वाक्य उच्चारलं, दोघींना मिळून. ते काय होतं हे लिहिण्यासारखं नाही, आणि त्यात खोटं काही नव्हतं. मोजपट्टी ताडकन उभी राहिली. धाकटीला आवाज फुटला नाही, पण हातातला कागद तिनं टराटरा मध्यापर्यंत फाडला. त्यानंतर दांडा असा फिरायला लागला की शेजारच्या भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं. संध्याकाळपर्यंत सगळा गठ्ठा संपला. दुकानदार म्हणाला, इतका अस्सल बर्फ त्यानं जन्मात बघितला नाही.

सासूशी मात्र दोघी हिवाळा सरेपर्यंत बोलल्या नाहीत. सासूची काही तक्रार नव्हती. म्हणाली, घरात बऱ्याच वर्षांनी शांत झोप लागतेय.